संपादकांची भाकरी

ग्रंथाच्या पहिल्या पानावर लेखकाचे नाव असते आणि कोठेतरी बारीक अक्षरांत छापखान्याचे. ह्या दोहोंच्या मध्ये 'संपादक', 'संग्राहक', 'संशोधून प्रसिद्ध करणार' अशा शब्दांखाली एक तिसरे नाव कधी असते, कधी नसते. आज आपल्याला त्या तिसऱ्या नावाविषयी बोलावयाचे आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा संपांचा किंवा पत्री सरकारचा इतिहास असावा. त्या विषयांचे जाणकार ह्या सभागृहातच पुष्कळ आहेत. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, गाडीची वाट पाहताना आणि छापखान्यांतील मंडळींच्या उसन्या पुस्तकांतून. छापखान्यातल्या कामगारांत वावरल्यामुळे एक खोड मात्र लागली आहे. कोणी कितीही मोठा असो, आम्ही आधी विचारतो की हा माणूस काय काम करीत होता आणि त्याला पगार कोण देत होता. हाच प्रश्न आम्ही आपल्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या संपादकांना आणि संग्राहकांना विचारून पाहिला. उत्तरे इतकी तऱ्हेतऱ्हेची मिळाली की ती आपल्यापुढे मांडावीशी वाटली.

सातारा-सांगली असा जोड आम्ही मुद्दाम करीत आहो. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्याआधी हा मुलूख थोडा इंग्रजी अमलाखाली आणि थोडा औंध, मिरज, सांगली अशा संस्थानांत वाटलेला होता. ह्या वाटणीचा आमच्या विषयाशी फार संबंध आहे, कारण कागद एकाच्या वाड्यात, पगार दुसऱ्याच्या खजिन्यातून आणि छापखाना तिसऱ्याच्या हद्दीत, असा हा कारभार चाले.

सुरुवात वाईपासून करू. परशुरामपंततात्या गोडबोले हे १७९९ साली वाईस जन्मले. पेशवाई बुडाली तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढे इंग्रज सरकारच्या विद्याखात्यात भाषांतराच्या कामावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यांचे वरिष्ठ होते मेजर थॉमस कॅंडी. हा गृहस्थ मूळचा लष्करातला. म्हणजे वाईचा शास्त्री आणि विलायतेचा शिपाई असे दोघे बसून मराठी पोरांनी काय वाचावे हे ठरवीत होते. १८५४ साली गोडबोल्यांनी जुन्या मराठी कवितेतले वेचे निवडून 'नवनीत' छापले. पुढच्या दोनतीन पिढ्यांना ज्ञानेश्वर, मुक्तेश्वर, मोरोपंत भेटले ते प्रथम ह्याच पुस्तकात. निवड करणारा माणूस पिढ्यांची आवड घडवितो, आणि हे काम एका सरकारी नोकराने आपल्या टेबलावर बसून केले. त्यांच्याविषयी इतके पुरे.

वाईजवळच्या बावधनचे विष्णुशास्त्री पंडित यांच्यापाशी मात्र थांबावे लागते. १८२७ चा जन्म. शास्त्राचे अध्ययन, सरकारी शाळाखात्यात नोकरी, मग ती सोडून मुंबईस 'इंदुप्रकाश' पत्रात. विधवाविवाहाचा पक्ष त्यांनी शास्त्राधाराने मांडला आणि त्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे पुस्तक मराठीत आणले. १८६९ च्या जून महिन्यात मुंबईस एक पुनर्विवाह लागला, त्यात विष्णुशास्त्री पुढारी होते. त्याबद्दल त्यांच्यावर आणि त्यांच्या सोबत्यांवर बहिष्कार पडला. पंगत बंद, घरचे कार्य करावयास भटजी मिळेना.

आणि त्याच १८६९ साली तुकारामबावांच्या अभंगांच्या गाथेचा पहिला भाग त्यांच्या नावाने बाहेर आला. शंकर पांडुरंग पंडित ह्या सरकारी अधिकाऱ्याची देखरेख त्यावर होती आणि मुंबई सरकारने ह्या कामास २४,००० रुपये दिले होते. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती हे वेगळे सांगावयास नको. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथल्या हस्तलिखित वह्या मिळवून, अभंगामागून अभंग ताडून, पाठभेद तळाशी देऊन ही गाथा तयार झाली. दुसरा भाग १८७३ साली निघाला. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्र्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि १८७६ साली ते वारले. ज्या माणसाला जातीच्या पंक्तीतून उठविले होते, त्याने ताडून दिलेली गाथा पुढे भाविकांच्या आणि पंडितांच्या हाती गेली. तुकोबांच्या वह्यांचा निवाडा करावयास अशा माणसापेक्षा योग्य कोण, असे आम्हांला वाटते. परंतु तो निवाडा त्याने आपल्या मताच्या बाजूने झुकू दिला नाही. वहीत जे आहे ते वर आणि फरक आहे तो तळाशी, ही शिस्त त्याने पाळली.

आता मिरजेस येऊ, कारण आमच्या मते ह्या विषयाचा गाभा तेथे आहे.

वासुदेवशास्त्री खरे हे गुहागरचे. जन्म १८५८ चा. संस्कृत जुन्या पद्धतीने शिकलेले, पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ शिकविले आणि नंतर मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक झाले. तेथेच त्यांचा जन्म गेला. ते कवी होते, त्यांनी 'यशवंतराव' नावाचे महाकाव्य लिहिले. ते नाटककार होते, 'तारामंडळ', 'उग्रमंगल' वगैरे त्यांची नाटके रंगभूमीवर आली. नाना फडणविसांचे चरित्र त्यांनी लिहिले. एवढे करून एखादा माणूस स्वस्थ बसला असता. पण मिरज म्हणजे पटवर्धनांचे घर, आणि पटवर्धनांचे दप्तर म्हणजे पानिपतानंतरच्या मराठी राज्याच्या घडामोडींचे कोठार. खरेशास्त्री त्या दप्तरात शिरले ते पुन्हा बाहेर आले नाहीत. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' निघू लागला. १९२४ साली ते वारले तोवर त्याचे बारा खंड झाले होते आणि पुढचे काम त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी चालविले.

हे काम नेमके काय असते, ते थोडे फोड करून सांगितले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की जुने पत्र मिळाले, ते छापले, झाले संपादन. रुमाल सोडला की आत मोडी पत्रांची चळत निघते. कागदाला कसर लागलेली, घड्यांवर अक्षर फाटलेले. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, ऱ्हस्वदीर्घाचा नेम नाही. ते आधी बालबोधीत उतरावयाचे. त्यानंतर खरी कसोटी तारखेची. पत्राच्या शेवटी मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहिलेला असतो, छ अमुक जिल्हेज, छ अमुक रबिलावल, आणि पुष्कळ पत्रांवर वर्षच नसते. लिहिणाऱ्याला वर्ष ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते, मग लिहावयाचे कशाला? शंभर-सव्वाशे वर्षांनंतर मिरजेच्या मास्तराने ते ठरवावयाचे. फौज कोठे होती, सरदार जिवंत होता की नव्हता, ह्या पत्रात ज्या लग्नाची गोष्ट आहे ते दुसऱ्या कोणत्या पत्रात झालेले दिसते, असे एकेक बारीक धागे धरून वर्ष पक्के करावयाचे. एक वर्ष चुकले की लढाई आधी आणि लढाईचे कारण मागून, असा घोटाळा व्हावयाचा.

खरेशास्त्र्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी तेव्हाच्या अनेक संग्राहकांनी केली नाही. पत्रे एकामागून एक नुसती रचून न ठेवता त्यांनी प्रत्येक प्रकरणाच्या आधी त्या काळाची हकीकत सांगणारी प्रस्तावना लिहिली. सामान्य वाचकाने आधी गोष्ट वाचावी, मग पुरावा पाहावा. ही वर्गातल्या मास्तराची सवय होय. मुलांना श्लोक देण्याआधी प्रसंग सांगतात, तसे. धंद्याची खूण माणसाच्या हातावरून जात नाही, सुताराच्या अंगठ्यावरून जात नाही तशीच. आणि भाकरीचे म्हणाल तर मास्तरकीचा पगार संस्थानच्या शाळेचा आणि दप्तर संस्थानच्या घराण्याचे, असा योग मिरजेत जुळला होता. तो जुळला नसता तर ते रुमाल आणखी किती वर्षे तसेच बांधलेले राहिले असते कोण जाणे.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस हे अगदी दुसऱ्या घडणीचे गृहस्थ. जन्म १८७० चा, विद्यापीठाची पदवी नाही, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी 'महाराष्ट्र कोकिळ' नावाचे मासिक काढण्याची हिंमत. चोविसाव्या वर्षी, १८९४ साली, झाशीच्या राणीचे चरित्र. पुढे 'भारतवर्ष', आणि १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' हे मासिक, ज्यातून त्यांनी कागदांमागून कागद प्रसिद्ध केले. नाना फडणविसांच्या मेणवलीच्या दप्तरापर्यंत त्यांचा हात पोहोचला. चित्रे, पत्रे, जुन्या वस्तू, जे दिसेल ते जमविण्याचा त्यांना ध्यास होता. खरे हे एका दप्तरात खोल उतरले, पारसनीस शंभर दारे ठोठावीत हिंडले. राजेरजवाडे, साहेब लोक, सरदार, ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याकडे जाण्यात त्यांना संकोच नव्हता. साताऱ्यास न्यायाधीश असलेल्या किंकेड साहेबांबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन भागांत काढला. सरकारने रावबहादूर केले.

अशा माणसाविषयी आमच्यासारख्याला सहज नाक मुरडता येईल. सरकारदरबारी वावर, पदवी, साहेबांशी भागीदारी! खऱ्यांच्या खंडांतली शिस्तही पारसनिसांच्या अंकांत सर्वत्र नाही. परंतु हिशेब चोख केला पाहिजे. ज्याला पगाराची नोकरी नाही आणि घरची दौलत नाही, त्याला आश्रय शोधावाच लागतो. त्या आश्रयातून त्यांनी जे जमविले ते साताऱ्यातल्या संग्रहालयात आले आणि १९३९ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. आज मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक तेथे जाऊन ते कागद पाहतो. संग्रह साताऱ्यातून गेला ह्याची हळहळ आम्हां सातारकरांना वाटते, आणि ती रास्तही आहे. मात्र तो येथे ठेवण्यासाठी त्या वेळी गावाने किती वर्गणी काढली असती, हेही सातारकरांनी स्वतःला विचारावे.

ह्या दोघांच्या काळातच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्या मुलखातून हिंडत होते. बी. ए. झालेले, थोडे दिवस मास्तरकी केलेले, नंतर कोणाचीही चाकरी न केलेले. वाईत हाती लागलेल्या पानिपतच्या काळच्या पत्रांनी त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा आरंभ झाला, १८९८ साली पहिला खंड निघाला आणि पुढे एकंदर बावीस झाले. त्यांना पगार कोणीच देत नव्हते. आपण त्यांच्या त्यागाच्या गोष्टी मोठ्या आवडीने सांगतो, तेव्हा आम्हांला थोडे अवघडल्यासारखे होते. एका विद्वानाने उपाशीपोटी काम केले हे त्याचे भूषण खरे, पण समाजाचे काय?

परदेशांतही हा प्रकार वेगळा नव्हता. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा संपादक जेम्स मरे हा स्कॉटलंडातल्या एका शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे तो मास्तर झाला, काही काळ लंडनच्या एका बँकेत कारकून होता. त्याच्या कोशाला ज्यांनी हजारो अवतरणे पुरविली त्यांच्यात एक अमेरिकन शस्त्रवैद्य होता, जो मनुष्यवधानंतर वेड्यांच्या तुरुंगात कोंडलेला होता. टपालाने चिठ्ठ्या यावयाच्या, चिठ्ठीवर शब्द आणि वाक्य असावयाचे. पाठविणारा कोठे बसला आहे हे शब्दाला विचारावे लागत नाही.

आपल्या औंधात ह्याहून नवलाचा माणूस होऊन गेला. श्रीपाद दामोदर सातवळेकर, सावंतवाडीकडच्या कोलगावचे, जन्म १८६७ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. हैदराबादेत आणि पुढे लाहोरास त्यांचा चित्रे आणि छायाचित्रे काढण्याचा धंदा चांगला चालला होता. मधल्या काळात कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर त्यांनी लेख लिहिला आणि त्यावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. वेदातल्या प्रार्थनेतही सरकारला बंडाचा वास आला! पन्नाशीच्या सुमारास हा चित्रकार लाहोरचे चालते दुकान बंद करून औंधास आला आणि 'स्वाध्याय मंडळ' काढून वेदांच्या संहिता संपादून छापू लागला.

वेद छापणे म्हणजे काय हे खिळे जुळविणाऱ्याला विचारावे. अक्षराच्या खाली आडवी रेघ, डोक्यावर उभी रेघ. ह्या स्वरांच्या खुणा अर्धा केस सरकल्या तरी स्वर बदलतो आणि वैदिकाच्या दृष्टीने मंत्रच बिघडतो. आमच्या उमेदवारीत खिळ्यांच्या छपाईचे शेवटचे दिवस आम्ही पाहिले. साधी जोडाक्षरे जुळविताना जुळाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येई, तेथे स्वरांकित ऋग्वेदाची काय कथा. संस्कृतचा पंडित हे काम तपासू शकतो, पण ओळीवरची रेघ नेमकी कोठे बसली आहे हे टिपावयास चित्रकाराची नजर कामी आली असावी, असा आमचा कयास आहे. ह्या संहिता त्यांनी सामान्य माणसाला परवडतील अशा ठेवल्या. शिवाय घरबसल्या संस्कृत शिकविणारी पुस्तके लिहिली. ज्यांना शाळा मिळाली नाही अशा किती लोकांनी त्या पुस्तकांवर संस्कृतचा पहिला धडा गिरविला! वेद कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये, ह्या जुन्या भांडणात छापील आणि स्वस्त पुस्तक हा फार मोठा युक्तिवाद ठरतो. १९४८ साली ते औंध सोडून गुजरातेत पारडी येथे गेले आणि १९६८ साली वयाच्या १०१ व्या वर्षी तेथे वारले.

सातवळेकरांना औंधास आणणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तीही त्यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या बळावर. त्या कामाची व्यवस्था लावली विष्णु सीताराम सुखटणकरांनी, ज्यांनी केंब्रिजला गणित केले होते. शेकडो पोथ्यांची वंशावळ लावणे हे पुष्कळसे गणितच आहे. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पुरे झाले, आणि ते पुरे होताना प्रमुख संपादक होते परशुराम लक्ष्मण वैद्य, जे पूर्वी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. सांगलीत असतानाच हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण त्यांनी संपादिले होते. म्हणजे महाभारताच्या ह्या आवृत्तीच्या आरंभी औंधचा पैसा आहे आणि शेवटी सांगलीचा एक जुना मास्तर. एक लाख रुपये राजाने दिले हे खरे. ते औंधच्या कुणब्यांच्या शेतसाऱ्यातून आले होते हेही तितकेच खरे, आणि ते कोणत्याही पर्वाच्या प्रस्तावनेत लिहिण्याची रीत नाही.

ह्याच राजाने १९१० साली किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि तेथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकलेचे विद्यार्थी. औंधाच्या हवेत चित्रकारांना संपादक करण्याचा काही गुण असावा.

पुन्हा वाईस जाऊ. नारायणशास्त्री मराठे, पुढे संन्यास घेऊन झालेले केवलानंद सरस्वती, यांनी तेथे प्राज्ञपाठशाळा चालविली, मीमांसाकोश रचला, धर्मकोशाचा पाया घातला. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी हे खानदेशातल्या पिंपळनेरचे. पोरवयात वाईला आले, कलकत्त्यास जाऊन तर्कतीर्थ झाले, सत्याग्रहात तुरुंगात गेले, अस्पृश्यतेविरुद्ध गांधींच्या बाजूने शास्त्रार्थ केला, मग मानवेंद्रनाथ रॉयांच्या विचाराकडे वळले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, आणि साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी ह्या पाठशाळेतल्या पंडिताला दिले. मराठी विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली आला. लक्ष्मणशास्त्री १९९४ साली वारले तोवर ते त्याचे प्रमुख संपादक होते. वेदशास्त्र शिकलेल्या माणसाने अणूपासून ऊसापर्यंत सर्व विषयांच्या नोंदी मराठीत आणविल्या. त्यांच्यानंतर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मे. पुं. रेगे आले आणि मग रा. ग. जाधव. जाधवांचे समीक्षक म्हणून नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्राध्यापक होण्यापूर्वी त्यांनी एस. टी. महामंडळात नोकरी केली होती, हे आमच्या वाहतूक कामगार मित्रांना सांगितले की त्यांची छाती जरा फुगते. फुगू द्यावी.

विश्वकोशाच्या बाबतीत पगार कोणी दिला ह्याचे उत्तर सरळ आहे : सरकारने, म्हणजे आपण सर्वांनी. राजाचा आश्रय गेला, त्याच्या जागी करदात्याचा आला. त्यात दिरंगाई झाली, मंजुऱ्या अडल्या, खंड मागे पडले, लोकांनी टीका केली. ती टीका करण्याचा अधिकार लोकांना होता, हाच मोठा फरक आहे. औंधच्या राजाला, ग्रंथ का रखडला, असे कोण विचारणार होते?

जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, म्हणून त्यांच्या ग्रंथांच्या संपादनाविषयी बोलण्याचा आम्हांला हक्क आहे. त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९६९ साली, त्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादून प्रसिद्ध केले. मालशे प्राध्यापक होते. कीर हे मॅट्रिकपर्यंत शिकलेले, मुंबई महानगरपालिकेत कारकून. दिवसा खर्डे लिहावयाचे आणि उरलेल्या वेळात आंबेडकर, सावरकर, टिळक, फुले यांची चरित्रे. अशा दोघांनी मिळून ते काम केले, ह्यात आम्हांला मोठा न्याय दिसतो.

त्यासोबत एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्याच घरची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांचे मूळपुरुष, गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८३ साली फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्यांच्या पत्रात येऊ लागला. दोन प्रकरणे छापली आणि पुढची त्यांनी थांबविली. मजकूर जहाल वाटला. फुल्यांना ह्याचा राग आला आणि तो त्यांनी लपविला नाही. छापखान्यावर जप्ती येण्याची भीती ज्याने सोसली नाही त्याने लोखंड्यांना भित्रे म्हणू नये, पण ज्या संपादकाने मजकूर अडविला त्याचे नावही ह्या हकीकतीत आलेच पाहिजे. काय छापावे हे जसे संपादक ठरवितो, तसे काय छापू नये हेही तोच ठरवितो.

आतापर्यंतचे सारे संग्राहक कागदावरून कागदावर काम करणारे होते. ज्यांना अक्षरच येत नाही त्यांचे काय? वाळवे तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी तो प्रश्न हाती घेतला. १९२० चा जन्म. मराठी लेखिकांच्या कार्यावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली, वडील कृष्णराव बाबर यांच्यासह 'समाज शिक्षण माला' काढली, विधानसभेत आणि पुढे राज्यसभेत बसल्या. पण त्यांचे नाव राहिले ते राज्याच्या लोकसाहित्य समितीमुळे. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, म्हणी, कहाण्या, सणवारांच्या चालीरीती त्यांनी खेड्याखेड्यांतून गोळा करून पुस्तकामागून पुस्तक संपादिले. खरेशास्त्र्यांना दप्तर मिरजेच्या वाड्यात मिळाले. बाबरबाईंचे दप्तर होते बायकांच्या तोंडी, आणि ते रोज थोडे थोडे कमी होत होते, कारण गावात पिठाची गिरणी आली की जाते कोपऱ्यात जाते आणि जाते थांबले की ओवी थांबते.

ह्या कामाचेही एक कोडे आहे. मोडी पत्रावर वर्ष नसते, तसे ओवीवर नावच नसते. एकच ओवी शिराळ्यात एक बाई गाते, माणात दुसरी गाते, मधला शब्द बदललेला. मूळ कोणती? संपादकाला येथे न्यायाधीश होता येत नाही. दोन्ही लिहून घ्याव्यात, हेच शहाणपण. बाबरबाई आमदार-खासदार असताना हे करीत राहिल्या. सभागृहातली त्यांची भाषणे आज कोणाला आठवत नसतील, पण ओव्यांचे ते खंड ग्रंथालयांतून आजही लोक शोधीत येतात.

आमच्या चळवळीच्या कागदांना अजून असा संग्राहक भेटलेला नाही. कारखाना बंद पडला की आधी यंत्रे विकली जातात, मग छपराचे पत्रे, आणि शेवटी कचेरीतली कागदपत्रे रद्दीच्या भावाने. इतिवृत्ते, मागणीपत्रे, संपातली गाणी, गेटवर वाटलेली पत्रके, सारे त्यात जाते. काही गठ्ठे आम्ही वाचविले. एक निवृत्त स्टोअरकीपर, पूर्वी प्रुफे तपासणाऱ्या एक बाई आणि आम्ही असे तिघे दर रविवारी बसून ते लावीत असतो. तेथे खरेशास्त्र्यांची फार आठवण येते, कारण आमच्या पत्रकांची तऱ्हाही तीच. 'येत्या सोमवारी पहिल्या पाळीनंतर गेट मीटिंग', सही सेक्रेटरीची आणि वर्ष नाही. लिहिणाऱ्याला ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते!

वर्ष काढण्याची एक युक्ती मात्र आम्हांला सापडली आहे. पत्रकात बोनसचा आकडा पाहावा. १९६५ च्या कायद्याने किमान बोनस ४ टक्के होता. १९७२ साली तो ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत खाली आणला गेला आणि १९७७ साली पुन्हा ८.३३ टक्क्यांवर आला. '८.३३ परत द्या' असे ज्यावर आहे ते पत्रक आणीबाणी जाहीर झाल्यानंतरचे आणि १९७७ च्या निर्णयाआधीचे. मागच्या रविवारी अशी दोन पत्रके लागली. तिसऱ्यावर बोनसचा उल्लेखच नाही, नुसत्या कँटीनच्या चहाची तक्रार आहे. ते अजून टेबलावर पडून आहे.